एक चौकट खाली

३ नोव्हेंबर, सोमवार

कपड्यांची लेबलं पुन्हा घसरली! वरची नावं चौकटीत झकास. मग प्रत्येक ओळ केसभर खाली, केसभर खाली — तळाशी येईपर्यंत माणसाचं नाव शेजाऱ्याच्या चौकटीत. खोल्यांचे नंबर आम्ही आधीच छापून ठेवतो. वृद्धाश्रमात माणसं बदलतात, खोल्या त्याच राहतात. नावं मी मागाहून छापते. तर अकरा नंबरच्या गाणाऱ्या बाईंचं — पूर्वी गाण्याचे वर्ग घ्यायच्या — नाव आलं बाराच्या चौकटीत. आणि बारामध्ये राहते माझी आई — तिचं नाव कागदाबाहेरच पडलं.

साहेब म्हणाले, "अहो, एवढ्याशाने काय आभाळ कोसळतंय? द्या लाँड्रीत!" दिली. माझं मेलं काय जातंय!

४ नोव्हेंबर

गेलंच की माझं. लाँड्रीतल्या मावशींनी इस्त्री मारून लेबलं कपड्यांना चिकटवली आणि धुतलेले कपडे नंबर बघून वाटले. बाईंचे सगळे कपडे आईच्या कपाटात. आईच्या कपड्यांवर लेबलच नाही, आणि बाई रिकाम्या कपाटासमोर बसलेल्या — म्हणून मावशींनी ते त्यांना देऊन टाकले. "कुणाचे तरी असतीलच ना!" म्हणे.

आई बाईंचा जांभळा स्वेटर घालून खिडकीत बसली होती. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. पुढच्या धुण्याला बदलू म्हटलं.

५ नोव्हेंबर

आई गुणगुणत होती. आई! साधी अंगाईसुद्धा जिला कधी सुरात जमली नाही. आज अख्खं गाणं, ताना घेऊन. मी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू कुणाच्या वर्गातली गं?"

हसले मी. मग जिन्यात बसून राहिले.

७ नोव्हेंबर

आईला घर आठवत नाही, बाबा आठवत नाहीत, सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नाही. पण मी आठवायचे. रोज दारात मला बघितलं की हाक — "आलीस का गं भुंग्या!" मी सारखी भुणभुण करते म्हणून. जगात हे नाव दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. एवढ्यावर मी दिवस ढकलते.

आज तिने मला "बाई" म्हटलं. अहो बाई, जरा पाणी द्या.

डॉक्टर म्हणतात, "आजार वाढतोय, मनाची तयारी ठेवा." बरं.

८ नोव्हेंबर

हे लिहू की नको? अकरासमोरून चालले होते. आतून हाक आली — "भुंग्या, केस का नाही विंचरलेस?"

गाणाऱ्या बाई. आईचा राखाडी गाऊन अंगात, आईसारखाच डावा हात कमरेवर. मी म्हटलं, "काय म्हणालात?" तर म्हणाल्या, "काय म्हणालात काय! ये इकडे." कंगवा हातात तयार. आणि मी गेले. गुपचूप खाली बसले. गुंता सोडवताना आई मुळाशी केस घट्ट धरते, दुखू नये म्हणून. त्यांनीही तसेच धरले.

अंगावर काटा आला माझ्या. तरी उठवेना.

१० नोव्हेंबर

बस झालं. आज प्रिंटरशी सोक्षमोक्ष! कागदाचा आकार भलताच निवडलेला होता — कुणाचा उपद्व्याप, देव जाणे — आणि वर "पानात बसवा" चालू. म्हणून सगळी छपाई ताणली जात होती. आकार बदलला, "मूळ मापात छापा" केलं. साध्या कागदावर छापून तो लेबलांच्या कागदावर ठेवला आणि खिडकीच्या काचेला लावून पाहिला. अजून थोडं खाली. पट्टीने मोजलं, वरचा समास तेवढाच कमी केला. रोलर पुसला. पुन्हा छापलं, पुन्हा काचेला.

बसलं! अकरामध्ये बाई, बारामध्ये आई. काळंभोर नाव, चौकटीच्या बरोब्बर मधोमध. मी चक्क त्यावर हात फिरवला.

जुनी लेबलं सोलायला मावशींच्या शेजारी स्वतः बसले. "एवढं काय मनाला लावून घेतेस?" म्हणाल्या. काय सांगणार त्यांना, कप्पाळ?

११ नोव्हेंबर

कपडे ज्याचे त्याला. आईला तिचा राखाडी गाऊन मी माझ्या हाताने घातला. बटणं लावली. समोर उभी राहिले.

"किती छान शिवलाय," ती म्हणाली. "कुणाचा आहे?"

१२ नोव्हेंबर

तेच.

१४ नोव्हेंबर

पुन्हा पुन्हा तपासते. लेबलं ठीक आहेत. केसभर चूक नाही. माझंच डोकं फिरलंय असं कुणी सांगितलं तर पेढ्याएवढं गोड वाटेल.

आज अकरासमोरून जाताना मान खाली घातली. तरी हाक आलीच. जांभळा स्वेटर, आईचा आवाज. "रुसलीस का गं?"

मला आई हवी आहे. बस, एवढंच हवंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाईंची मुलगी आली होती, लांबून, कितीतरी महिन्यांनी. अकरामधून रडतच बाहेर पडली. "आई मला ओळखतच नाही हो!" मी तिचा हात धरला, बाराचं दार उघडलं. माझ्या आईने मान वर केली, त्या मुलीला तिच्या नावाने हाक मारली आणि दोन्ही हात पुढे केले.

मी दार लोटून घेतलं आणि अकरामध्ये जाऊन बसले.