खंडेनवमीला उचललेलं हत्यार

आबा, आज दसरा आहे आणि मी चेन्नईत अंबत्तूरच्या घरी खिडकीपाशी बसून तुम्हाला लिहितो आहे. नवमीला देवापुढे ठेवलेली वही आणि पेन आज सकाळी उचलायचं आणि काहीतरी चांगलं लिहून बघायचं, अशी इकडची रीत आहे. तुमच्या सुनेनं ती तंजावरच्या माहेराहून आणली आणि मीही पाळत आलो. दरवर्षी मी देवाचं नाव लिहितो. आज पेन उचललं आणि तुम्हालाच हाक मारली गेली. अण्णा नगरच्या इस्पितळात या वेळी एका माणसाच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया चालू असेल. उजव्या डोळ्यानं त्याला लहानपणापासून धूसर दिसतं, म्हणजे डोळा म्हणायचा तर हाच. त्याला तिथं मी पाठवलं आहे. फोन समोर ठेवला आहे आणि तो वाजत नाही.

मी नक्की काय काम करतो हे तुम्ही होतात तोवर तुम्हाला नीट सांगता आलं नाही मला. गावच्या शाळेतून निघून डोळे तपासायचं शिक्षण घ्यायला गेलो तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "म्हणजे तू डॉक्टर नाहीस, आणि चष्म्याचा दुकानदारही नाहीस. मग कोण?" मी ऑप्टोमेट्रिस्ट हा शब्द सांगितला, तो तुम्हाला दोनदा प्रयत्न करूनही म्हणता आला नाही. मग मी सांगितलं की मी नंबर काढतो, डोळा नीट चालतोय का बघतो, आणि बिघाड दिसला तर डॉक्टरांकडे पाठवतो. तुम्ही रंधा मारता मारता म्हणालात, "म्हणजे दार करणारा तू नव्हेस. फट कुठं राहिलीय ते सांगणारा." आई हसली होती. पुढच्या सुट्टीत मी आलो तर तुम्ही सागवानी पेटी करून ठेवली होती. मी शिकत होतो त्या इस्पितळात माझ्या टेबलावर भिंगांची पेटी तुम्ही एकदाच पाहिली होती, तरी प्रत्येक भिंगाची खाच बरोबर कोरली होती. खालच्या ओळीतली एक खाच जरा घट्ट झाली आहे, तिथलं भिंग काढताना अजून नख लावावं लागतं. कारखान्यात जाताना मी तीच पेटी नेतो.

कारखाना इथल्याच वसाहतीतला, यंत्रांचे सुटे भाग करणारा. कामगारांच्या आरोग्याची योजना मालकानं एका कंपनीकडून घेतली आहे, आणि त्या योजनेत डोळ्यांसाठी पहिला माणूस मी. आठवड्यातून एक दिवस प्रथमोपचाराच्या खोलीशेजारी मी बसतो. नुसता बसत नाही. खोलीत नंबर काढून भागत नाही हे मला तिथंच कळलं, कारण माणूस काम करतो यंत्रापाशी. म्हणून मी टेप घेऊन जातो, डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजतो, उजेड कुठून पडतो ते बघतो, घामानं धुकट होणारे सुरक्षेचे चष्मे बदलून मागतो. हे सगळं योजनेला आवडतं. कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं म्हटलं की आवडत नाही. आधी त्यांच्या ऑफिसला फोन करायचा, कारण सांगायचं, मंजुरीचा नंबर घ्यायचा, मग त्यांच्या यादीतल्या इस्पितळात तारीख मिळते. मागच्या खेपेला त्यांचा साहेब मला म्हणाला, "सार, तुम्ही फार माणसं वर पाठवता. तुम्ही चष्म्याचं बघा ना." मी घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून कोणाला पाठवताना माझा हात जरा अडतो.

काल आयुधपूजा होती. आपली खंडेनवमी आणि ही एकच. कारखान्यात यंत्रं धुऊन त्यांना चंदन-कुंकवाचं बोट लावतात, दाराला केळीचे खांब बांधतात, कामगार बायकामुलांना घेऊन येतात आणि शेवटी फाटकाबाहेर कोहळा फोडतात. मीही सकाळी जाऊन माझ्या खोलीत पाटावर तुमची पेटी, डोळ्याच्या आत बघायची बॅटरी, टेप, सगळं मांडलं, फुलं वाहिली. तुम्ही वाकस, करवत, पटाशा रॉकेलनं पुसून मांडायचात तसंच. एका वर्षी विटी तासायला मी त्यातली पटाशी उचलली होती. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातातून काढून घेतलीत, पुन्हा पुसलीत, जागेवर ठेवलीत आणि म्हणालात, "वर्षभर आपण त्याच्याकडनं काम घेतो. एक दिवस त्याचा आहे, तोही मागून घेतोस?" त्यानंतर दसरा उजाडेपर्यंत मी कुठल्या हत्याराला हात लावलेला नाही. मद्रासला आल्यावरही नाही, या शहराचं नाव चेन्नई झाल्यावरही नाही.

आरती झाली, सगळे चुरमुरे आणि हरभऱ्याची उसळ खात अंगणात बसले होते, तेव्हा तो आला. टूलरूममधला कारागीर, जाड भिंगांचा चष्मा मीच दिलेला. नेसायला पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, मागे रेशमी साडीतली बायको. "सार, सकाळपासून डोळ्यात मिन्नल मादिरी," तो म्हणाला, विजेसारखं चमकतंय. शेजारी बसलेला त्याचा मित्र म्हणाला, "देव दिसला असेल त्याला, सार. वर्षातून एकदा आंघोळ करून आलाय." सगळे हसले. दुसऱ्यानं त्याला विचारलं, "सुट्टी संपल्यावरही दांडी मारायचा बेत ना?" तोही हसला. मग हळूच म्हणाला, "आता चमकत नाही सार. आता नाकाच्या बाजूनं खालून सावली आलीय. पुसली तरी जात नाही."

मी त्याला खोलीत नेलं. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायला लावला आणि समोर बसून, दिसली की सांग म्हणत, माझी बोटं चारी बाजूंनी आत आणली. यासाठी काही उचलावं लागत नाही. खालून, नाकाच्या बाजूनं बोटं आली की तो गप्प राहायचा. भिंतीवरच्या तक्त्याची तमिळ अक्षरं मात्र त्यानं अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचली. याचा अर्थ मला कळत होता. डोळ्याचा आतला पडदा एका कडेनं सुटला असावा, पण मधला भाग, ज्यानं माणूस वाचतो आणि बारीक काम करतो, तो अजून जागेवर होता. तो सुटायला एखादा दिवस लागतो, कधी तेवढाही लागत नाही. पण नुसत्या बोटांवरून मी हे कोणाला सांगणार होतो? आत बघायला हवं होतं. बॅटरी पाटावर होती, तिच्यावर झेंडूचं फूल होतं आणि कुंकू ओलं होतं. त्याची बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "पूजेतलं आहे सार. उद्या बघितलं तर चालेल?" तिला माझीच काळजी होती, आबा.

मी फूल बाजूला ठेवलं आणि बॅटरी उचलली. कुंकू बोटांना लागलं. त्याच्या बाहुलीत लाल झाक दिसत होती. वर बघ म्हटलं, तर वरच्या बाजूला लालाच्या जागी राखाडी आलं, आणि ते हलत होतं. सुटलेला पडदाच तो. नंतर माझी बोटं त्याच्या गालाला लागली तिथं लाल डाग राहिला. तो त्यानं पुसला नाही, कोणाला पुसूही दिला नाही.

योजनेच्या ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला, सुट्टीच होती. मी वाट पाहिली नाही. ऑटोवाल्याला हळू घे, खड्डे टाळ, असं सांगत मी त्या दोघांना घेऊन अण्णा नगरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं मंजुरीचा नंबर मागितला. मी म्हणालो, "नंबर नाही. मी पाठवलंय म्हणून लिहा." ती म्हणाली, "तुम्ही कोण, सार?" मला पुन्हा तोच शब्द सांगावा लागला, आणि तिला तो तुमच्यापेक्षा चांगला म्हणता येत होता, पण तिनं तो लिहून घेताना भुवई वर केली. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र लगेच बघितलं. मधला भाग अजून धरून आहे, म्हणाल्या, उद्या पहिलं ऑपरेशन याचंच करू, तोवर उताणा झोपवून ठेवा, हलू देऊ नका. रात्रभरात तो धरून राहतो का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

आबा, मला एक विचारायचं होतं. त्या पटाशीच्या पुढच्या वर्षी, खंडेनवमीलाच, आपल्या दारात एक माणूस धावत आला होता. रस्त्यात त्याच्या गाडीचं जू मोडलं होतं आणि गाडीत त्याची दिवस भरलेली सून होती. तुम्ही पाटाकडे बघितलंत. मग टोपी घातलीत आणि मोकळ्या हातानं त्याच्याबरोबर गेलात. दिवेलागणीला परत आलात तेव्हा तुमच्या तळहाताची साल निघाली होती. गाडी वेळेवर पोचली, असं नंतर कळलं. मी विचारलं, "कशानं केलंत?" तुम्ही "झालं," एवढंच म्हणालात. दुसऱ्याच्या कोयत्यानं केलंत, दगडानं केलंत, की रस्त्यावरच्या कोणाचं हत्यार उचललंत, मला माहीत नाही. काल ऑटोत मी हेच आठवत होतो. तुम्ही पूजाही मोडली नाहीत आणि त्या बाईलाही थांबवलं नाहीत. मला तशी वाट सापडली नाही. तिथं दुसऱ्या कोणाची बॅटरी नव्हती. मी देवाची क्षमा मागितली आहे आणि ती मिळाली असेल असं मला वाटतं. तुमच्याकडून मात्र काही ऐकू येत नाही.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. योजनेचा साहेब होता. सुट्टीच्या दिवशी त्याला कोणीतरी कळवलं होतं. "सार, आज पाठवलं असतं तर काय झालं असतं?" मी म्हणालो, "मधला भाग सुटला असता, कदाचित." तो म्हणाला, "कदाचित. सार, मी 'कदाचित' असं लिहून मंजुरी देऊ का?" मी म्हणालो की सुटल्यावर पाठवलं असतं तर 'नक्की' असं लिहिता आलं असतं.  तो "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. माझं काम राहील की जाईल, हे तुमच्या सुनेनं विचारलं नाही. तिनं चहा आणून ठेवला, तो निवला.

त्यानंतर त्याच्या बायकोचा फोन आला. ऑपरेशन झालं. सुटलेला पडदा बसवला आहे, पण मधल्या भागाचं डॉक्टर उद्या सकाळी पट्टी काढल्यावर सांगतील. रात्रीत पडदा थोडा जास्त सुटल्यासारखा वाटला, असंही कोणीतरी तिला म्हणालं आहे. कोण ते तिला आठवत नव्हतं. "सार, पट्टी काढताना तुम्ही या. ते म्हणतात सार असू देत." आणि मग तमिळमध्ये अगदी हळू, "दिसेल ना, सार?" मी म्हणालो, "दिसेल. मी येतो." ठाम आवाजात म्हणालो. पेशंटशी बोलायचा हा आवाज मी तुमच्याकडून घेतला आहे. सूत-दोन सूत चुकलेल्या मापाचं दारही बसेल, असं तुम्ही लोकांना याच आवाजात सांगायचात.

पट्टी निघाली की तो आधी माझ्याकडे बघेल. त्याला दिसतंय की नाही, ते सगळ्यांच्या आधी मला कळेल. आबा, उद्या मला तिथं जायचं नाही. मी जाईन, पहिल्या बसनं जाईन. पण मला जायचं नाही, हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकलो नसतो, म्हणून तुम्हाला लिहिलं.