मनगटापासून मधल्या बोटापर्यंत

३१ ऑगस्ट, शुक्रवार

आज हातांची मापं घ्यायची होती. घेतली नाहीत.

जुन्या चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याची पौर्णिमा. शेठाणींनी बारालाच यंत्रं बंद करवली. दारात पाच टेबलं मांडली. उकडलेल्या कोंबड्या, डुकराचं मुंडकं, सफरचंदं, उदबत्त्या. भटक्या आत्म्यांना आज जेवू घातलं नाही तर ते आत शिरतात म्हणे. मी म्हटलं, 'क' वर्गाची मुलं आज शाळेत परत जातायत, सोमवारपासून 'ख' वर्ग तीन महिन्यांसाठी येतोय, मापं द्यायला आज दुपारी बोलावलाय. पत्रा दाबून बिजागऱ्या काढणाऱ्या सातही प्रेसचे मनगटाचे पट्टे नव्या हातांना लावायचे आहेत. त्याला अर्धा दिवस लागतो.

"अगं रुआन, सगळी भुतं आपल्या दारात जेवतायत! तुझी फूटपट्टी एक दिवस थांबली तर काय बिघडतं?"

मी फूटपट्टी खिशात ठेवली आणि टेबलं पुसली.

प्रेस सातवर फेंग यू-च्यून होती. हात १६१ मिलिमीटर, सगळ्यांत लहान. तिची शेवटची पेटी अर्धी राहिली. आ-तुनने तिच्या पाठीत बिजागरी भिरकावली. "जा, शाळेत जाऊन लोळ, महाराणी!" फोरमन झाल्यापासून त्याचा नेम सुधारलाय. ती वळली नाही. दप्तर उचलून गेली.

मग तोच आ-तुन हात धुऊन प्रत्येक प्रेसवर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवत फिरला. हिरवी पुडी असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. सहाच पुड्या आणल्या होत्या. सातवर जुनीच राहू दिली.

२ सप्टेंबर, रविवार

काही नाही. कपडे धुतले.

३ सप्टेंबर, सोमवार

क्रमाने लिहिते.

७.३० — शेठाणींनी मला फंगयुआन गावाला पाठवलं, दुरुस्त झालेली डाय, म्हणजे प्रेसचा साचा, आणायला. जाताना आ-तुनला सांगितलं, "मी येईपर्यंत कुणाला प्रेसवर बसवू नकोस. पेट्या भरू देत." "हो गं, हो!"

९.२० — टेम्पोतून उतरत होते. सात प्रेस चालू होत्या. प्रेसचा आवाज मला पाठ आहे. एक ठोका मऊ पडला.

त्यानंतर किंचाळी. आधी ठोका, मग किंचाळी. मध्ये बराच वेळ गेल्यासारखं वाटलं. एक सेकंदही नसेल.

छिऊ पेई-लिन. आ-तुनने तिला प्रेस सातवर बसवलं होतं. सतरा वर्षं. उंच, बडबडी, मला 'ताई' म्हणून चिडवणारी. उजवा हात. मधलं बोट आणि त्याच्या दोन्ही बाजूंची. प्रेस खालीच अडकली होती. डाय हाताने उघडावी लागते आणि ते फक्त मला येतं. मी उघडली. आत बिजागरी तयार झाली होती. बरोबर मापाची. बाकीचंही आतच होतं.

रक्त फार नव्हतं. चेंगरलेल्या जखमेतून कमी येतं.

आ-तुन प्रेसवरची पुडी उलटी करून तारीख बघत होता. "जूनमध्येच संपली होती!" तो ओरडला. "जूनमध्येच! मी म्हणतो ना!" त्याच्या बुटांवर रक्त होतं आणि तो तारीख सगळ्यांना दाखवत होता.

पट्ट्याची दोरी १६१ वरच होती. यू-च्यूनच्या मापावर.

पट्टा काय करतो ते इथे लिहून ठेवते, पुढेमागे कुणी विचारलं तर. मनगटाला चामडी पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी प्रेसच्या माथ्याला. प्रेस खाली आली की दोरी हात मागे खेचते. पण ती मनगट खेचते. पुढे बोटं किती लांब आहेत ते दोरीला कळत नाही. ते कुणीतरी मोजून सांगावं लागतं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, अधिक पाच मिलिमीटर मोकळे. ते मी सांगते. आज सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तपासणीचा कागद पाहिला. 'प्रेस ७ — पट्टा मापानुसार — सकाळी ८ वाजता तपासले.' खाली सहीच्या जागी माझा नावाचा शिक्का. आठला मी फंगयुआनच्या रस्त्यावर होते. आमचे सगळ्यांचे शिक्के शेठाणींच्या ड्रॉवरमध्ये असतात. आठ वर्षांत मी माझा परत मागितला नाही.

४ सप्टेंबर, मंगळवार

इस्पितळ. बोटं जोडता आली नाहीत. नुसती तुटलेली जोडतात, चेंगरलेली नाही.

नर्सच्या ट्रेमध्ये पट्टा होता. बकल लागलेलं. चामडं तिने कात्रीने कापून काढलं होतं. कचऱ्यात टाकणार होती, मी मागून घेतला. रक्त वाळून लाकडासारखा झालाय.

पेई-लिन गुंगीत होती. म्हणाली, "ताई, आता माझं माप नवं घ्यावं लागेल." आणि हसली! मग ओकली.

ती झोपल्यावर डावा हात मोजला. १८८. मार्चमध्ये आली होती तेव्हा १८२ होता. सहा महिन्यांत सहा मिलिमीटर. माझा हात वाढत नाही. आ-तुनचा वाढत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचा वाढतो. म्हणून तर दर वेळी मोजायचं!

१८८ वजा १६१, वजा ५. बावीस. डॉक्टरांच्या कागदावर मधल्या बोटाचे बावीस मिलिमीटरच गेलेत.

५ सप्टेंबर, बुधवार

तिचे वडील आले. खडीचा ट्रक फाटकात आडवा लावला आणि लोखंडी पहार घेऊन उतरले. बोलले नाहीत. पहिला घाव प्रेस सातच्या जाळीवर. दुसरा तेलाच्या डब्यावर. तिसरा आ-तुनच्या खांद्यावर, मी गळपट्टीचं हाड मोडताना ऐकलं. चौथा त्याच्या डोक्यावर येणार होता. दोघा वेल्डरनी मागून धरलं. आ-तुन तेलात पडला होता आणि "काका, काका" म्हणत होता. स्वतः पंचेचाळीसचा आहे.

मला ते बघवत नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल.

तेव्हा शेठाणी ऑफिसच्या पायरीवरून म्हणाल्या, अगदी हळू, "भाऊ, आमच्यावर कशाला चिडता? तुमच्या पोरीनं पट्टा काढून ठेवला होता. पोरांना तो नकोसा होतो. ही रुआन तपासून गेली होती, कागद आहे. विचारा हिला."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी वाकून तेलाचा डबा उभा केला.

त्यांनी पहार खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. ट्रक काढून गेले.

६ सप्टेंबर, गुरुवार

पट्टा घातलेला नव्हता असं ठरलं तर चूक पेई-लिनची. घातलेला होता असं ठरलं तर माप चुकलेलं, आणि माप माझं. खटला माझ्यावर. म्हणजे शेठाणींच्या खोट्यात मीही सुटते. हे स्पष्ट लिहून ठेवते, पुन्हा स्वतःला वेगळं सांगू नये म्हणून.

पट्टा माझ्या कपाटात आहे. स्वेटरखाली.

७ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेचे वेन सर आले. कारखान्यात गेलेल्या मुलांवर देखरेख त्यांची. पंधरा दिवसांनी येतात, चहा घेतात, सही घेतात.

"रुआन, या मुलांना शाळेत बसवून काय होतं? बाकावर झोपतात. इथं हातात कसब येतं, घराला हातभार लागतो. दरवर्षी पालकांना मी तुझंच उदाहरण देतो."

मला माहीत आहे. शाळेच्या सूचनाफलकावर माझा फोटो आहे. मीही सतराव्या वर्षी प्रेस सातवर बसले. तेव्हा मापं घेणारा म्हातारा एक दिवसही चुकला नाही. फोटोतल्या माझ्यात आणि पेई-लिनमध्ये एवढाच फरक आहे. तो म्हातारा.

मी विचारलं, "सर, तुमचा मुलगा कुठे शिकतो?"

"तो वेगळा विषय आहे." चहा अर्धा ठेवून गेले.

८ सप्टेंबर, शनिवार

इस्पितळात गेले. दारातूनच आवाज आला. वडील तिला मारत होते. उघड्या हाताने, एकाच गालावर, पुन्हा पुन्हा. "पट्टा काढलास! कुणी सांगितलं होतं काढायला? कुणी सांगितलं?" ती बँडेजचा हात उंच धरून होती, त्याला लागू नये म्हणून. फक्त तेवढाच वाचवत होती. मी मध्ये शिरले. माझा चष्मा फुटला. नर्सनी त्यांना बाहेर काढलं. बाहेर ते भिंतीवर डोकं आपटत होते.

तिचा ओठ फाटला होता. मी ओला बोळा लावला.

"ताई," ती म्हणाली, "मी खरंच काढला होता का? मला आठवतच नाही. सगळे म्हणतात काढला. काढला असेन का गं मी?"

मी म्हटलं, "पडून राहा."

पडून राहा! एवढंच म्हटलं मी!

१० सप्टेंबर, सोमवार

कामगार खात्याचे निरीक्षक आले. प्रेस सातला कागद चिकटवून बंद केली. मला विचारलं, "पट्टा घातला होता?" शेठाणी माझ्या शेजारी उभ्या. मी म्हटलं, "मी तेव्हा इथे नव्हते." खरं आहे. प्रत्येक शब्द खरा आहे.

११ सप्टेंबर, मंगळवार

पेई-लिनने लिहून दिलं. 'मी स्वतः पट्टा काढला होता.' वेन सरांनी मजकूर लिहून नेला होता. सही उजव्या हाताने करता येत नाही म्हणून डावा अंगठा. त्या बदल्यात तिचे कारखान्याचे तास पूर्ण झाल्याचं शाळा दाखवणार, म्हणजे वर्ष वाया जात नाही. नाहीतर शाळेचा कारखान्याशी असलेला करार मोडेल, चाळीस मुलांचं नुकसान होईल, आणि ते तिच्यामुळे होईल, असं तिला समजावण्यात आलं.

मी तिला फोन केला. "जाऊ दे ना, ताई," ती म्हणाली. "मीच काढला असणार. सगळ्यांना आठवतंय."

संध्याकाळी शेठाणींनी ऑफिसात कुणी नसताना मला सफरचंदं दिली. पौर्णिमेच्या टेबलांवरची. मी ती मागच्या भिंतीवर एकेक करून फोडली. सहा होती. आ-तुनची जागा नवा फोरमन येईपर्यंत मीच सांभाळावी म्हणाल्या होत्या.

१३ सप्टेंबर, गुरुवार

आज ड्रॉवरमधून माझा शिक्का घेतला. न विचारता.

निरीक्षक फाइल बंद करायला आले होते. मी पट्टा त्यांच्यासमोर ठेवला. बकल लागलेलं, चामडं कापलेलं. सांगितलं, मापं मी घेतली नव्हती, शिक्का मी मारला नव्हता, कुणालाही बसवू नका म्हणून मी लेखी दिलं नव्हतं, हे तिन्ही लिहून घ्या.

शेठाणी म्हणाल्या, "वेडी झालीस का गं? स्वतःच्या पायांनी तुरुंगात जातेस?"

"असला पट्टा कुठूनही आणता येतो, इस्पितळाच्या कागदांत त्याची नोंद नाही," निरीक्षक म्हणाले. वाईट माणूस नाही. थकलेला आहे. "आणि मुलीने स्वतः लिहून दिलंय."

मी म्हटलं, प्रात्यक्षिक दाखवते. त्यांनी प्रेसवरचा कागद काढू दिला. मी घरून मुळा आणला होता, १८८ मिलिमीटर कापून. दुसऱ्या प्रेसच्या पट्ट्यात बांधला, दोरी १६१ वर, पायडल दाबलं. दोरीने मुळा मागे खेचला. पूर्ण नाही. टोक डायमध्ये राहिलं. मोजलं. बावीस.

त्यांनी फूटपट्टी घेऊन स्वतः मोजलं. मग म्हणाले, "बाई, मुळा म्हणजे हात नव्हे. मुळा स्वतःहून मागे येत नाही. हात घातलेल्या माणसाने तो काढला असता, असं त्यांचा वकील म्हणणार. उद्या दुपारपर्यंत याहून भक्कम काही असेल तर दाखवा. नाहीतर मला बंद करावी लागेल."

मुळा मागे येत नाही. बरोबर आहे. आक्षेप रास्त आहे.

माझा हात १७४.

१५ सप्टेंबर, शनिवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट.

काल मुळा नेला नाही. पट्टा माझ्याच उजव्या मनगटाला. दोरी १६१ वर, बकल निरीक्षकांनीच ओढून पाहिलं. त्यांना वाटलं आणखी एक मुळा येणार. १७४ वजा १६१, वजा ५, हिशेब आठ मिलिमीटरचा होता. आठच. हात मागे घ्यायचा पूर्ण प्रयत्न केला, तसं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. वेळ पुरत नाही. बाजूची दोन बोटं वाचली. तेही हिशेबात होतं.

त्यांनी 'पट्टा घातलेला असताना' असं लिहिलं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. मी खाली शिक्का मारला.

पेई-लिनला निरोप पाठवला. तू पट्टा काढला नव्हतास.