रिपोर्ट नॉर्मल आहे, पण बाबांचा नाही

ती. आत्या,

वाकून नमस्कार. तू ‘पुरे, ऊठ आता’ म्हणेपर्यंत मी वाकलेलीच आहे असं समज, कारण पुढचं वाचून तू रागावणार आहेस. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना?

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. ‘बाबांच्या रक्ताची तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं मी लिहिलं होतं. तपासणी झाली हे खरं. रिपोर्ट नॉर्मल आहे हेही खरं. रक्त तेवढं बाबांचं नव्हतं, माझं होतं. (बाबा शेजारी बसून सांगत होते आणि मी लिहून घेत होते. तरी ते खोटंच, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.)

झालं असं. हल्ली बाबा दुकानातल्या शिडीवर चढताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, ‘वरच्या खणात काय आहे ते आठवतोय.’ कुठला स्क्रू कुठल्या खणात आहे हे बाबा झोपेतसुद्धा सांगतील, तुला माहीत आहे. शिवाय पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलंय. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ‘याच आठवड्यात करा.’

पण आपल्या दुकानात प्रत्येक खणावर भाव रंगवलेला! बिल्डर येवो की एकच खिळा मागणारी म्हातारी, भाव तोच. मी बेरीज-वजाबाकीसुद्धा त्याच गल्ल्यावर शिकले. त्यामुळे हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या मुलीने गल्लीतल्या लॅबच्या तिप्पट आकडा सांगितला, तेव्हा बाबा उपाशीपोटी असूनही ताठ झाले. ती बिचारी समजावत होती, की पेशंट ॲडमिट असेल तर आणखी वेगळा, कंपनीचं कार्ड असेल तर वेगळा, घरी येऊन रक्त न्यायचं तर वेगळा.

‘आणि काहीच न विचारता पैसे भरले तर?’

‘मग हाच, काका.’

‘एक खिळा आणि इतके भाव!’ म्हणून बाबा घरी आले आणि पोटभर नाश्ता केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी, गल्लीतल्या लॅबमध्ये. तिथे आपल्या चिठ्ठीवरच्या चार तपासण्यांपेक्षा साठ तपासण्यांचं पॅकेज स्वस्त निघालं. ‘अख्खा डबा चार खिळ्यांहून स्वस्त? मग खिळ्यातच खोट आहे,’ म्हणाले. पुन्हा नाश्ता.

तिसऱ्या खेपेला परत हॉस्पिटल. (तिथे का, हे मला अजून कळलेलं नाही.) आमच्या पुढे एक आजी होत्या, सून ॲडमिट असलेल्या. त्यांना सगळ्यात चढा भाव सांगितला आणि त्या मुकाट्याने रुमालाची गाठ सोडायला लागल्या. बाबांनी त्यांचा हात धरला. ‘थांबा, आजी.’ मग बाबा काय भांडले म्हणतेस! मॅनेजर आला, त्याचा वरचा आला, आणि आजींना शेवटी गल्लीतला भाव मिळाला. इतके जिवंत बाबा मी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. नंतर ते बाकावर बसले ते उठेचनात. ओठ पांढरे पडले होते. ‘आता दमलोय, माझं राहू दे,’ म्हणाले.

चौथ्या खेपेला मी गल्लीतल्या लॅबमध्ये पॅकेजचे पैसे आधीच भरून टाकले. बाबांनी बाही वर केली, सुई पाहिली आणि बाही खाली केली. ‘पैसे भरलेत ना? वाया कशाला घालवायचे? हिचं घ्या.’ आणि आत्या, आपल्या घरात वाढलेली मुलगी मी, वाया जाऊ नये म्हणून बसले!

तेव्हापासून बाबा गिऱ्हाइकांना सांगतात, ‘या वयात सगळं विशीतल्यासारखं आलंय.’ लोक हात मिळवतात. मी खिळे मोजत खाली बघते.

काल दुकान बंद करताना धीर करून विचारलं, ‘बाबा, खरंच भावाचंच आहे का हे?’ बराच वेळ ते एकच खण आत-बाहेर करत राहिले. मग म्हणाले, ‘अण्णांचा रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो.’ त्या रिपोर्टनंतर आजोबा किती दिवस राहिले, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुझी,
भाची

ता. क. बाबांना रागावू नकोस. फक्त ये. तुझ्यापुढे त्यांचं ‘भाव’ वगैरे चालणार नाही, तू त्यांचा कान धरलेला मी पाहिला आहे.

आणखी एक ता. क. लॅबमध्ये एकाच घरातले दोघं आले तर दुसऱ्याला निम्मा भाव आहे. मी दुसरं नाव तुझं दिलं आहे. ‘मला काय धाड भरलीय’ म्हणू नकोस, बाबाही हेच म्हणतात, अगदी याच सुरात. बुधवारी संध्याकाळी पोच, रात्री हलकं जेव. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. या खेपेला मी बाही खाली करू देणार नाही, कुणाचीच. गुरुवारी सकाळी, दुकान उघडायच्या आत.