पदकामागचं नाव

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

वाट लागली! पणजोबांचं नाव मी पुसून टाकलं — माझ्याच हातांनी.

आज खंडेनवमी. दरवर्षी देव्हाऱ्यातलं पदक आजोबा स्वतः पुसून पूजेला ठेवतात. यंदा हात कापतात म्हणून मला दिलं. "फडक्यानंच पूस गो. घासू नको." मी घासलं. मागची बाजू काळीकुट्ट, तशीच कशी ठेवायची? आधी दातमंजन, मग भांड्यांची घासणी. वरची ओळ खोल कोरलेली, ती राहिली — 'एलिनॉर', जहाजाचं नाव. खालची आधीच झिजलेली. आता तिथे नुसती चकचकीत चांदी.

खालची ओळ म्हणजे आमचे सीताराम पणजोबा. मालवणचे खलाशी, नव्वद वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात गेलेले. अशी अठ्ठावीसच पदकं निघाली म्हणतात.

आजोबांनी चष्म्याशिवाय बघितलं. "झकास झालां." मी पदक पटकन पूजेत ठेवून दिलं.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं दिलं, पाया पडले. मान वर करवेना.

४ ऑक्टोबर

उद्या विद्याधर सर पदक बघायला येणार. संग्रहालयात खलाशांचं प्रदर्शन मांडतायत. बोलावलं माझ्या भावानं, केतननं. "आपला पणजोबा काचेत बसणार यार! अख्ख्या बोरिवलीला सांगतो." आजोबा एवढंच म्हणाले, "कशाक ता?" पदक घराबाहेर जाईल म्हणून जीव खाली-वर होत असेल त्यांचा.

केतनला सगळं सांगितलं. आधी हसलाच. "तू? जी लोकांचं पेन टोपण पुसून परत करते?" मग गंभीर. "गप्प बस आता. नव्वद वर्षांत झिजलं म्हणायचं. संपलं."

भाऊ असून असं शिकवतो! आणि मला ते पटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

मला खोटं बोलावंही लागलं नाही. सरांनी भिंग लावलं, स्वतःच म्हणाले, "झिजलंय बिचारं." मी फक्त मान हलवली. "नावाशिवाय तुमच्या पणजोबांचं म्हणून कसं मांडू? जुना फोटो, कागद, काहीतरी शोधा ना."

चहा दिला. पदक पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं.

९ ऑक्टोबर

झोप नाही.

शाळेत जायच्या आधी इंग्रजी अक्षरं मी ह्याच पदकावर शिकले. आजोबा ते तळहातावर धरायचे, वर अंगठा, आणि दुसऱ्या हातातल्या काडीनं दाखवायचे — ई, एल, आय... दसऱ्याच्या दिवशी तेवढंच, मग पदक पुन्हा लाल फडक्यात.

एकदा ते अंघोळीला गेले तेव्हा मी पदकावर वहीचं पान ठेवून पेन्सिल घासली होती. नाण्याचा छाप काढतात तसा! ती वही कुठेय?

११ ऑक्टोबर, शनिवार

माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. रडूच आलं. करडं वर्तुळ, आत पांढरी अक्षरं, स्पष्ट. 'एलिनॉर'. खाली नाव.

सीताराम नाही. 'पास्कोल डिमेलो'.

वीस वेळा वाचलं. कोण हा?

१२ ऑक्टोबर

आजोबांपुढे वही ठेवली. घासणीचंही सांगितलं, सगळं. ओरडतील वाटलं. त्यांनी पानावर अंगठा ठेवला — बरोबर त्या नावावर.

"तुका अक्षरां शिकवताना माझो अंगठो हयच असायचो. आठवता?"

मग हळूच, "बापूस बर्फात गेलोच नाय. भियालो, अर्ध्या वाटेतसून परत इलो. डिमेलो गेलो, थंयच मेलो. जहाजाच्या कंपनीन पदक बापाशीकडे दिल्यान, तेच्या घरी पोचव म्हणून. बापाशीन ठेवन घेतल्यान. नि मियां तोंड उघडूक नाय."

"घर कुठे होतं त्याचं?"

"गोरायक."

गोराई! खाडी ओलांडली की दहा मिनिटं.

"उद्या बोटीन जावया," आजोबा म्हणाले. "पदक घे. नि ती वही पण — नाव आता तेच्यातच उरलां."