घाटनांदूरचे जुन्या गाड्यांचे दुकान कोणाला

मी, अकबरी, मयत जलालुद्दीन मिस्त्री यांची बेवा, वय एकाहत्तर, धंदा जुन्या मोटारसायकली व त्यांचे सुटे भाग विकणे, राहणार घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. राजदूतचा पिस्टन कोणता आणि येझदीचा कोणता, हे मी अजून डोळे मिटून, हाताने चाचपून सांगते. शंका असेल त्याने दुकानात येऊन परीक्षा घ्यावी. माझा मुलगा अशफाक याने येऊ नये, त्याला उघड्या डोळ्यांनीही ते जमत नाही.

१. राहते घर व मागची मोकळी जागा शरियतप्रमाणे अशफाक व मुलगी खुशनुमा यांच्याकडे जाईल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही.

२. माझ्या नावचे दुकान, त्यातील सर्व माल, सात जुन्या गाड्या व कलम ४ मधले पंच सोडून बाकी हत्यारे मी माझी सून, अशफाकची बायको शाईस्ता, हिला देते. हे सारे माझ्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसते, वकिलांनी खात्री करून दिली आहे. शरियतप्रमाणे वारस नसलेल्याला मृत्युपत्राने तेवढेच देता येते; सून वारस नसते, म्हणूनच तिला देता येते. तिला परकी म्हणून ऐकवणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावे.

३. धाकटा दीर मतीन याला काही नाही. माझा नवरा गेला, तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचे ताट हातात धरून तो म्हणाला होता, "भाबी, कुलूप लावा दुकानाला. बाईमाणूस गिऱ्हाइकाला क्लच प्लेट काय दाखवणार?" सत्तावीस वर्षे दाखवली. त्याच्या पोरीच्या लग्नाचा मांडव त्याच क्लच प्लेटांवर उभा राहिला. तरी भेटला की विचारतो, दुकान कधी बंद करता. त्याला लेखी उत्तर: करत नाही.

४. अशफाकला दुकानातून फक्त नंबर मारायचे लोखंडी पंच द्यावेत, डबीसकट. कारण लिहिते, कारण तो गावभर वेगळेच सांगतो.

युसूफ वडगावचे निवृत्त मास्तर विजयसिंह आमच्याकडे आले होते. त्यांच्या शिक्षणासाठी वडिलांनी विकलेली जावा मोटारसायकल ते शोधत होते. जुने कागद त्यांनी जपले होते, त्यावर इंजिनाचा नंबर होता. अशफाक म्हणाला, "मास्तर, सापडंल. पंधरा दिवस द्या." सापडणारच. त्याने दुसऱ्याच जावाच्या इंजिनावरचा नंबर घासून तिथे हा नंबर मारला.

मास्तर आले, टाकीवरून हात फिरवला आणि उभ्या उभ्या रडू लागले. शाईस्ता मागे कार्बोरेटर साफ करत होती. हात पुसत पुढे आली.

"काका, ही तुमच्या वडलांची गाडी न्हाई. नंबर आत्ता मारलाय. बोट फिरवून बघा, कडा टोचतील."

"तुला कुणी इचारलं?" अशफाक म्हणाला.

"त्यांनीच इचारलं असतं. पर काय इचारायचं, हेच त्यांना म्हाईत न्हाई."

त्याच संध्याकाळी त्याने तिला माहेरी, आष्टीला, नेऊन सोडले.

आता हेही लिहिणे भाग आहे. पंचावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज मी गल्ल्यावर बसून दोन दुपारी ऐकला होता. मला माहीत होते. मी गप्प बसले. शाईस्ता निघताना माझ्याकडे बघत होती, तेव्हा मी खाली मान घालून बोल्ट निवडत होते. मतीनला नावे ठेवायचा माझा हक्क त्या दिवशी अर्धा गेला.

चार महिन्यांनी मास्तर पुन्हा आले. "ती पोरगी कुठं हाय?" मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, "वडलांची गाडी काय आता मिळत न्हाई. दुसरी कुठलीबी घेईन, पर तिनं दिली तरच."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने आष्टीला गेले. शाईस्ताने पाणी दिले, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच माफी मागितली.

"अम्मी, आता कशापायी आलात?" ती म्हणाली. "तुमी तर तिथंच होता."

मी पेला खाली ठेवला आणि परतीची एसटी धरली. ती आठ दिवसांनी आली, एकटी. ती आली त्या दिवशी अशफाक घर सोडून बीडला गेला. तिथे नव्या स्कूटर विकतो. त्यांचे नंबर कारखान्यातूनच मारून येतात, हे गिऱ्हाइकांचे नशीब.

५. शाईस्तावर कसलीही अट नाही. दुकान चालवावे, विकावे, नाहीतर कुलूप लावून आष्टीला जावे. अशफाकला परत घ्यायचे की नाही, हे तिने ठरवावे. बोलायची वेळ होती तेव्हा मी बोलले नाही, म्हणून मेल्यावर माझा शब्द कोणी तिच्यापुढे करू नये.

हे मला वाचून दाखवले, मी समजून घेतले, आणि खालील दोघांच्या देखत दुकानातच सही केली.

सही: अकबरी जलालुद्दीन मिस्त्री

साक्षीदार:
१. विजयसिंह, निवृत्त शिक्षक, युसूफ वडगाव
२. परमेश्वर, शेजारचे टायरवाले, घाटनांदूर

ठिकाण: घाटनांदूर
तारीख: १४ नोव्हेंबर २०२४