पडायचे कपडे

५ फेब्रुवारी १९८४, रविवार
मैदानावर सराव. दादा नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला हेल्मेट. क्लबचा नियम तेवढाच, म्हणून तेवढंच.

सराव संपल्यावर सेक्रेटरी कुलकर्णींनी जाहीर केलं, यंदा एप्रिलच्या स्कूटर शर्यतीत महिलांचीही एक शर्यत होणार. दादाने तिथल्या तिथे माझं नाव देऊन टाकलं. शेजारच्या हेमानेही दिलं. शाळेत पी.टी. शिकवते, मैदान दिसलं की हिला राहवत नाही.

मी विचारलं, कपडे कोणते घालायचे? कुलकर्णी म्हणाले, "साडीच. नाशिकच्या स्त्रिया साडी नेसून स्कूटर पळवतात हे लोकांना दिसू दे. आणि महिलांना हेल्मेटची सक्ती नाही. चेहरे दिसले पाहिजेत."

वाटलं, गंमत करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

८ फेब्रु.
ऑफिसात टायपिंग करताना दिवसभर डोक्यात तेच. मी रोज साडी नेसूनच स्कूटरवर ऑफिसला जाते. पण ऑफिसला जाताना कुणी मुरमाच्या वळणावर स्कूटर आडवी करत नाही. हे कुलकर्णींना कळत नसेल असं नाही. स्वतः शर्यती खेळलेला माणूस.

आईला सांगितलं. आईची सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झालेली. भाकरी थापता थापता म्हणाली, "चेहरे दिसले पाहिजेत म्हणे. मग फोटो लावा म्हणावं मंडपात."

१९ फेब्रु., रवि.
देवळाली कॅम्पातून लष्कराचे जुने बूट आणले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. हातमोजे वेल्डिंगवाल्याचे, उसवून लहान केले. जॅकेट घरीच शिवलं. तंबूचं जाड कापड, आतून गोधडीसारखं अस्तर, कोपरांवर आणि खांद्यांवर चामड्याचे तुकडे. आईच्या मशीनच्या सुया मोडल्या, आईने नव्या आणून दिल्या. गुडघ्यांना क्रिकेटचे जुने पॅड कापून बांधले.

सगळं घालून आरशासमोर उभी होते तर दादा दारात.
"कुणाशी युद्ध?"
म्हटलं, तूही शिवून घे.
"यात हँडल हाताला लागत नाही सुशे. स्कूटर अंगाला कळावी लागते. आणि एप्रिलचं ऊन. पडलीस तर याच कपड्यांनी चक्कर येऊन पडशील."

तो खोटं बोलत नाही. ऊन खरंच तसं असतं. पण ऊन लागतं म्हणून कातडं सोलून घ्यायचं?

४ मार्च, रवि.
आज पहिल्यांदा तो सगळा पोशाख घालून मैदानावर गेले. घाम इतका, की हातमोजे काढून पिळावे लागले. कुलकर्णींनी वरपासून खालपर्यंत बघितलं.
"गांगुर्डेबाई, शर्यतीला आलात की पडायला? हे तर पडायचे कपडे."
सगळे हसले. दादाही हसला. बाकीचे कोण कोण हसले ते विसरेन. हे विसरणार नाही.

हेमा साडीत. तिला म्हटलं, निदान पँट घाल. म्हणाली, "अगं, साडी म्हणून तर घरून परवानगी मिळाली. पँट म्हटलं असतं तर स्कूटरची चावीच हातात दिली नसती."

११ मार्च, रवि.
हेमा पडली.

सरावात, दुसऱ्या वळणावर. ब्रेकवर पाय ठेवायला गेली आणि निऱ्या ब्रेकच्या पट्टीत अडकल्या. पाय सुटेना. स्कूटर आडवी झाली आणि तिला घेऊनच घसरत गेली. हेल्मेट नव्हतं. डोकं वाचलं ते कुणाच्या पुण्याईने, माहीत नाही. डावा घोटा मोडला. हाताला कोपरापासून मनगटापर्यंत कातडी नाही.

दादाने आणि मी उचलून तिला जीपमध्ये घातलं. रस्ताभर ओरडली नाही. सारखं एकच. "साडी फाटली का गं? सासूबाईंची आहे."

१२ मार्च
दवाखान्यात कुलकर्णी. हातात मोसंबी. हेमाच्या नवऱ्याला व्हरांड्यात घेऊन सांगत होते, "सराव कमी पडला हो. नवशिक्यांचं असंच होतं."

नवशिकी. ही बाई रोज नाशिक रोडहून शहरात स्कूटरने जाते. तिचा नवरा मान हलवत होता. बिचारा, त्याला तरी काय माहीत.

आत सिस्टर हेमाच्या हातातला मुरूम चिमट्याने एकेक खडा करून काढत होती. आई उशाशी. तिने व्हरांड्यात येऊन म्हटलं, "साहेब, आत या ना. जरा हात बघा तिचा." कुलकर्णींना एका मीटिंगला जायचं होतं. मोसंबी माझ्या हातात दिली आणि गेले. मी ती तिथल्याच बाकावर ठेवली.

२५ मार्च, रवि.
क्लबची बैठक. बायकांना शर्यतीत नाव देता येतं, मेंबर होता येत नाही. बोलू देतो म्हणाले, जणू उपकार.

मी म्हटलं, बाई असो की पुरुष, हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे, बूट, गुडघ्याचे पॅड. यातलं एक कमी असेल तर स्कूटर रेषेवर लावू देऊ नका. एवढंच बोलायचं ठरवून गेले होते, एवढंच बोलले.

मागून कुणीतरी, "पुरुषांनी काय केलं?" हशा.

मग सिन्नरचा शंकर उठला. तिकडे कारखान्यात कामाला आहे, शर्यतीपुरती मेव्हण्याची स्कूटर आणतो. "ताई, तुमचं खरं हाय. पण हे समदं घ्यायचं म्हनलं तर मला शर्यत सोडावी लागंल. स्कूटरच माझी नाय. नियम झाला की पैशेवाले राहतील, आमी जाऊ."

कुलकर्ण्यांवर चिडता येतं. शंकरवर कसं चिडणार? मी खाली बसले. मग बसल्या बसल्या सुचलं आणि परत उठले. सगळे काही एकदम पळत नाहीत. क्लबने काही जोड शिवून ठेवावेत. एका फेरीतल्याने उतरवले की पुढच्याने घालावेत. शंकर म्हणाला, "असं झालं तर माझी ना नाय."

कुलकर्णी: "मंडप आहे, पाहुणे आहेत, ढाली आहेत. आता कपड्यांचं दुकानही काढायचं का?" आणि मग दादाकडे वळून, "आपले चॅम्पियन काय म्हणतात?"

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "ज्याचं त्याने ठरवावं."

टाळ्या.

निकाल असा: महिलांना पँट किंवा पंजाबी ड्रेस चालेल, हेल्मेटही चालेल. म्हणजे डोकं वाचवायची परवानगी मिळाली. बाकी सगळं होतं तसंच.

दादाच्या मागे बसून घरी आले. ज्याचं त्याने ठरवावं. हेमाची साडी हेमाने ठरवली होती?

३ एप्रिल
जेवताना भांडण. दादाचं म्हणणं, अंगात जाड काही असलं की माणूस निर्धास्त होतो, वळणावर नको तेवढा आडवा होतो. आता पडलो तर लागेल ही भीती हाच खरा ब्रेक.
मी: "हेमाला भीती नव्हती का?"
तो: "हेमाचं वेगळं."
मी: "कसं वेगळं?"
तो ताटावरून उठला. आई म्हणाली, "माझ्या समोर आलेल्या प्रत्येकाला भीती होतीच रे." तो हात धूत होता. ऐकलं की नाही, कळलं नाही.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. कॉलनीतली पोरं दादाला खांद्यावर घेऊन नाचली, यंदाही ढाल आपलीच म्हणून. मला पेढा द्यायला आला. घेतला. खाल्ला नाही.

२२ एप्रिल, रवि.
शर्यत झाली. जमेल तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या लोक सांगतील तेच खरं वाटायला लागेल.

मी मैदानात आले आणि पब्लिकमधून आरोळी, "अंतराळवीर आली." या महिन्यात पेपरात दुसरं काही नाही, आपला माणूस वर जाऊन आला. शिट्ट्या. एका माणसाने लहान मुलीला उचलून मला दाखवलं, सर्कशीतलं अस्वल दाखवतात तसं.

महिला आम्ही तिघीच उरलो होतो. माझा नंबर दुसरा. शेवटच्या चकरेत घाम डोळ्यांत जाऊन वळण नीट दिसेना. दादा उन्हाबद्दल म्हणाला होता ते बरोबर होतं. इथे लिहिते, त्याला सांगणार नाही.

पडले नाही. कुलकर्णी हसत आले. "बघा, पडला नाहीत. मग कशाला केला एवढा खटाटोप?"

म्हणजे हेमा पडली कारण तिला चालवता येत नाही. मी पडले नाही म्हणून कपडे फुकट. या माणसाच्या हिशेबात ते कपडे कधी उपयोगी पडणारच नाहीत.

जॅकेट उतरवत होते तर शंकर आला. "ताई, माझ्या फेरीपुरतं देता का?" दिलं. हातमोजेही दिले. त्याला आखूड होत होतं, मनगटं उघडी राहिली.

तो तिसऱ्या चकरेत पडला. हेमा पडली त्याच वळणावर. कोपरावर आपटून कडेच्या दोरीपर्यंत घसरत गेला. मी धावले. पोचेपर्यंत तो उठून स्कूटर उभी करत होता. चढला, किक मारली, राहिलेल्या चकरा पूर्ण केल्या. शेवटून पहिला आला.

कोपरावरचं चामडं निघून गेलेलं, तंबूचं कापड फाटलेलं, अस्तर बाहेर आलेलं. आत त्याचा हात नुसता लाल. जिथे बाही पुरली नव्हती त्या मनगटावर मात्र हेमाच्या हातासारखंच.

तेवढ्यात माइकवर कुलकर्णी: "जड कपड्यांमुळे स्पर्धकाचा तोल गेला. असो. पुढची फेरी."

असो.

शंकर माइककडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "तोल माझा गेला. कपड्याचा नाय गेला." मी म्हटलं, हे माइकवर जाऊन सांग. गेला. माइक दिला नाही.

दादा जिंकला. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. ढाल पुन्हा आमच्या घरात.

२३ एप्रिल
सकाळी दादा ओसरीत फाटकं जॅकेट मांडीवर घेऊन बसलेला. भोकातून बोट घालून बघत होता. मी उभी राहिले. वाटलं, आता बोलेल.
"इथे दुहेरी चामडं लागेल," म्हणाला. आणि पेपर उचलला.

मला चामड्याचा सल्ला नको होता. काल माइकवर ते वाक्य आलं तेव्हा हा तिथेच ढालीजवळ उभा होता. याने नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी सगळ्या मैदानाने ऐकलं असतं.

२९ एप्रिल, रवि.
शंकर सिन्नरहून बसने आला. त्याने ठराव दिलाय: क्लबने कपड्यांचे जोड ठेवावेत आणि ते घातल्याशिवाय कुणी रेषेवर यायचं नाही. बाई नाही की बुवा नाही. पुढच्या रविवारी वार्षिक सभेत मतं घेणार. कुलकर्णींनी ठराव वाचून त्याला विचारलं म्हणे, "हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?" शंकर स्वतःच्या सोललेल्या मनगटावरची पट्टी दाखवून आला.

हेमाकडे गेले. प्लॅस्टर निघालंय, कुबड्या आहेत. सासूबाई चहा घेऊन आल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साडीचं काय घेऊन बसलात. पोरगी वाचली." मला वाटत होतं त्या मला बोल लावतील.

६ मे, रवि.
सभा आज. शंकर म्हणतो, मोजलं तर आपल्याकडे निम्मे येतील, बाकीचे गांगुर्डे काय करतो ते बघून ठरवतील. गांगुर्डे म्हणजे दादा. माझं आडनावही तेच, पण ते धरत नाहीत.

चहा घेताना सरळ विचारलं, "काय करणार आहेस?"
"तिथे गेल्यावर बघू."
"माझ्याकडे बघून सांग."
बघितलं. मग चावी घेतली आणि गेला. हेल्मेट घेऊन गेला. सभेला हेल्मेट कशाला? उगाच अर्थ काढत बसणार नाही. ऊन आहे, इतकंच असेल.

आई म्हणाली, तू घरी थांबून काय करणार. मेंबर नाही, आत घेणार नाहीत, ते खरं. पण मतं हात वर करून घेणार आहेत आणि त्या हॉलच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत. हेमाने निरोप पाठवलाय, रिक्षा घेऊन येतेय. कुबड्या, हात, सगळ्यासकट दोघी खिडकीत उभ्या राहू. दादा नेहमी पुढच्या रांगेत डावीकडे बसतो. त्याच बाजूच्या खिडकीत.

रिक्षा आली. निघते.