लेझरची पेटी आणि आत्याचा कूलर

७ एप्रिल, सोमवार

दुरुस्ती. २ तारखेला इथं लिहिलं आहे : "पेटीचं दार गळतं. आत्याचा खोकला माझ्यामुळे." त्यातलं पहिलं वाक्य चूक. आज पेटीचा धूर नळीतून बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवून पेटती उदबत्ती दाराच्या चारही कडांवरून फिरवली. धूर सगळीकडून आतच ओढला जातो. बाहेर कुठेही येत नाही. फोमची पट्टी नीट बसली आहे. पेटी चांगली झाली आहे.

दुसऱ्या वाक्याचं अजून सांगता येत नाही.

खोडलं नाही. एक रेघ मारली आणि खाली हे लिहिलं. आत्याचीच शिकवण. लहानपणी मला दमा होता, तिसरीपर्यंत शाळाच नव्हती, तिनंच घरी शिकवलं. पाटीवरचंसुद्धा पुसू द्यायची नाही. "चुकलं ते दिसू दे. त्याच्या खाली बरोबर लिव."

पण २ तारखेला मी नुसतं लिहिलं नव्हतं. जेवताना सगळ्यांपुढे सांगितलंही. आई, दादा, आत्या. त्याच्यावर रेघ कशी मारायची?

८ एप्रिल, मंगळवार

पेटीतलं लेझरचं मशीन २ तारखेपासून बंद आहे. मीच बंद केलं. प्लायवुडातून कापायची लग्नाची दोन तोरणं अर्धवट पडली आहेत.

तरी शुक्रवारी वर्ध्याहून क्लास घेऊन आले तेव्हा आत्याचे डोळे लाल होते. कालही. आणि वास. प्लायवुड जळाल्याचा वास मी ओळखते, थोडा गोडसर असतो. हा नाकात टोचतो. फरशी घासायच्या ॲसिडसारखा.

आज सकाळी पेटी उघडली. जाळीखालच्या ताटात काळा चुरा. मी आजवर काळं काही कापलेलं नाही. आत दाराच्या बिजागरीच्या स्क्रूंना गंज. मशीनच्या दांड्यावरही तांबूस डाग. एप्रिल महिन्यात! दोरीवरचे कपडे काढायला गेलं तर कडक झालेले असतात, आणि इथे स्क्रूला गंज.

कुणीतरी मशीन वापरतं. कुणीतरी काय? घरात चार माणसं. आईला मोबाइलचा चार्जर लावता येत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

तांब्याची तार गॅसवर लाल केली, त्या काळ्या चुऱ्याला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. परत केलं. परत हिरवी. मग माझ्या प्लायवुडच्या तुकड्यावर केलं. साधी ज्योत.

आई मागून, "प्रणाली, गॅसवर काय नाटकं लावली वं?"

हिरवी म्हणजे क्लोरीन. म्हणजे सनबोर्ड, तो पीव्हीसीचा असतो. दुकानात दादा रेडियमच्या नंबरप्लेटा आणि लग्नाच्या स्टेजवरची मोठी नावं करतो, ती सनबोर्डाचीच असतात. हातानं कापला तर काही होत नाही. लेझरनं कापला म्हणजे जळतो, आणि जो वायू निघतो त्याला ओल लागली की त्याचं ॲसिड होतं. डोळ्यात, नाकात, छातीत ओल असतेच. मशीन आणलं त्याच दिवशी दादाला सांगितलं होतं. पेटीवर कागदही चिकटवला आहे : सनबोर्ड, रेक्झिन, रेडियम घालायचं नाही. कागद अजून आहे. त्याच्यावर दादाच्या बोटांचे काळे डाग.

दुपारी बोळात जाऊन उभी राहिले. पेटीची नळी खिडकीतून तिथे निघते. तिच्यापासून चार पावलांवर आत्याच्या खिडकीतला कूलर. तो बोळातलीच हवा ओढतो, वाळ्याच्या ताट्यांतून गाळतो आणि आत्याच्या खाटेवर फेकतो.

पेटी मी थंडीत बांधली. तेव्हा कूलर माळ्यावर होता. नळी कुठे सोडायची याचा मी आठवडाभर विचार केला होता. शेजाऱ्यांच्या दारात नको, तुळशीकडे नको, आईच्या वाळवणावर नको. कूलर आठवला नाही. थंडीत कुणाला कूलर आठवतो? पण मला आठवायला हवा होता.

तर माझ्या वाट्याचं एवढं : नळीची जागा माझी चूक. लाकडाचा धूर आत्यापर्यंत गेला असेल तर तो माझा. डोळे लाल करणारा वास माझा नाही. त्या वायूचा काही भाग कूलरच्या पाण्यात विरघळतही असेल. सगळा नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दुकानात जाऊन दादाला विचारलं. गिऱ्हाईक नव्हतं.

"दोन-चार अक्षरं कापली, त्यात काय झालं? नागपूरले चकरा मारू का दरवेळी?"

म्हटलं, आत्याच्या खोलीत वास जातो.

"तूच त म्हणली ना, तुह्या पेटीचं दार गळते म्हणून? मंग दार दुरुस्त कर."

म्हटलं, दार गळत नाही, सनबोर्ड जाळायचाच नसतो.

"सनबोर्डच आहे, काही बॉम्ब नाई. अख्ख्या सिंदी गावात लग्नं सनबोर्डावर लागून राह्यले."

हसला. मला हसू आलं नाही, म्हणून तो आणखी हसला. शेवटी म्हणाला, बरं, नाही कापणार. हे म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, रेडियमचा रोल गुंडाळत होता. तरी मी ते खरं धरलं.

१३ एप्रिल, रविवार

नळी वर नेली. गच्चीच्या पाण्याचा राहिलेला पाइप होता, त्याला बोळात प्लास्टिकचा कोपरा (एल्बो) जोडला, भिंतीला तीन पट्ट्या मारून तोंड कठड्याच्या वर काढलं. शिडीवर मी, खाली शिडी धरायला आत्या. दोन्ही हातांनी धरायची, मग एका हातानं तोंड दाबून खोकायची. म्हटलं, तू बस जाऊन. "मी सोडली अन् तू पडली त पेटी कोण पाह्यन तुह्यी?"

लांब नळीमुळे पंख्याची ओढ कमी झाली आहे. धूर पेटीत जरा रेंगाळतो, लाकडाच्या कडा काळसर होतात. चालेल. सावकाश कापीन.

उदबत्तीनं परत पाहिलं. दार गळत नाही. हे मी आता किती वेळा पाहणार आहे?

१६ एप्रिल, बुधवार

वर्ध्याहून आले. बोळात कोपरा जमिनीवर पडलेला. पडलेला नाही, काढून बाजूला ठेवलेला, त्याची पट्टी नीट वर ठेवून. नळीचं तोंड पुन्हा कूलरसमोर.

जाळीखाली काळा चुरा. एक पूर्ण 'श्री'सुद्धा, कड पिवळी पडल्यामुळे टाकून दिलेला.

लांब नळीनं त्याची अक्षरं खराब होत होती. म्हणून.

यानं आत्याला काय होतं हे त्याला खरंच कळलेलं नाही असं मी आधी धरून चालले होते. आता ते धरता येत नाही.

आत्या निजली होती. कूलर चालू. बंद केला तर खोलीची भट्टी होते, चालू ठेवला तर हे. मी थोडा वेळ बटणाला हात लावून उभी राहिले आणि तसाच चालू ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

जेवताना बोलले. दादा दुकानात होता, म्हणजे आई आणि आत्यापुढेच. ज्योतीचं, गंजाचं, कोपऱ्याचं सगळं सांगितलं. तो 'श्री' ताटाशेजारी ठेवला.

आई म्हणाली, "जेवणाच्या जागी कचरा काऊन आणला?"

मग म्हणाली, "पंधरा दिवसांपूर्वी तूच सांगत होती, माह्याच पेटीचं आहे म्हणून. आता भावाचं म्हणतं. उद्या माह्यं म्हणशीन."

हे खरंच आहे. मी सांगितलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं. आत्या खोकली आणि मी लगेच हात वर केला, कारण दोष माझा असला तर निदान मला तो दुरुस्त करता येतो. खात्री करून घेण्याआधी बोलले. आणि आता खात्री आहे तर माझं जुनं बोलणंच माझ्या आड येतं. दादाला खोटं बोलावंच लागत नाही. तो फक्त माझं वाक्य पुढे करतो.

आईनं उठता उठता आणखी एक : "बापाच्या मागं त्यानं कॉलेज सोडलं म्हणून तुह्यं झालं. थोडं ध्यानात ठेव."

ध्यानात आहे. ते विसरता आलं असतं तर मी हे केव्हाच मोठ्यानं बोलले असते.

आत्या ताटात बोट फिरवत होती.

१८ एप्रिल, शुक्रवार

मशीनचा ॲडॉप्टर डब्याच्या पिशवीत घालून वर्ध्याला नेला, म्हणजे मागे मशीन चालायला नको. क्लासमध्ये दिवसभर पिशवी पायाशी. चोरी केल्यासारखं वाटत होतं. मशीन माझं, ॲडॉप्टर माझा.

संध्याकाळी आत्याचे डोळे स्वच्छ. भाकरी थापता थापता गुणगुणत होती.

२१ एप्रिल, सोमवार

आले तर वास. पिशवीत ॲडॉप्टर आहे की नाही ते दारातच पाहिलं. होता.

दादानं दुसरा आणला. टेबलावर तसाच ठेवून गेला. लपवलासुद्धा नाही.

समोर आला तर म्हणाला, "तुह्या लग्नात मशीन पेटीसकट पाठवून देईन सासरी. दोन अडॉप्टर देतो, तू बी काय याद करशीन."

२२ एप्रिल, मंगळवार

आत्याशी बोलले. कूलरच्या टाकीत पाणी भरत होती. बादली मी घेतली.

म्हटलं, तुला वास येतो ना? मी नसते त्या दिवशी?

"येते."

केव्हापासून?

"तू दार गळते म्हणली, त्याच्याही आधीपासून."

मग तेव्हा बोलली का नाहीस? मी सगळ्यांपुढे माझी चूक आहे म्हणत होते.

तिनं कूलरचं झाकण लावलं. म्हणाली, "कूलर कोणं आणला वं? त्यानं. मागच्या उन्हाळ्यात मी ओली चादर टांगून निजत होती. त्यानं पाह्यलं अन् न सांगता आणून लावला. आता त्याच्याच कूलरमंधून वास येते म्हणू त्याले?"

म्हटलं, मी म्हणते. तू फक्त हो म्हण.

"तू म्हणशीन अन् जाशीन. आज नाई त उद्या, लग्न होऊन. तुह्या बाबाची बहीण मी. तुह्ये बाबा आता नाई. मले इथंच राहा लागते, त्याच्या घरात."

मग माझं खोटं तसंच राहू द्यायचं?

तिनं माझ्या हातातली बादली घेतली आणि म्हणाली, "एक रेघ मार. खाली काही लिवू नको."

हे आत्यानं म्हटलं. जिनं मला पाटी पुसू दिली नाही, तिनं.

मला तिचा राग आला. अजून आहे. नंतर मान खाली घालून कपाट आवरत बसले, कारण ती म्हणाली त्यात चुकीचं काय आहे ते मला सापडत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

क्लासला सुट्टी टाकली, ३० तारखेपर्यंत. सरांना आत्याच्या तब्येतीचं सांगितलं. ते खोटं नाही.

कोपरा परत बसवला. या वेळी स्क्रू मारून.

२५ एप्रिल, शुक्रवार

मी घरी आहे तर दादा मशीनकडे फिरकत नाही. काल पाणी प्यायला आला, मागच्या खोलीच्या दाराशी थांबला, मला पाहिलं, परत गेला. म्हणजे लाजतो. लाज वाटते म्हणजे कळतं. कळतं हे मला जास्त लागलं.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नांची अक्षरं तो नागपूरहून कापून घेऊन आला. म्हणजे तसंही जमतं.

आत्याचा खोकला कमी. आई म्हणाली, "पाहा, मशीन बंद आहे त बरं वाटून राह्यलं तिले. म्हणजे तुह्या मशीनचंच होतं."

वाक्यावाक्यानं पाहिलं तर ती बरोबर आहे.

२७ एप्रिल, रविवार

सुट्टी ३० ला संपते. १ मे ला क्लास बंदच असतो, २ ला जावंच लागेल. मी गेले की कोपरा पुन्हा निघेल, स्क्रू असो नसो. माझ्या मशीनवर पहारा देत मी किती दिवस घरी बसणार?

मशीन विकून टाकावं असंही मनात आलं. पण विकलं तर सगळ्यांच्या लेखी कायमचं तेच खरं ठरेल : प्रणालीची पेटी गळत होती.

म्हणून ठरवलं. अखजीला बाबांचं पान मांडून झालं की आम्ही चौघं एकत्र बसतो. २ तारखेला जिथं चुकीचं बोलले तीच जागा, तीच माणसं. तिथंच बोलायचं. दार गळत नाही. वास सनबोर्डाचा होता. नळीची जागा माझी चूक होती, ती मी सुधारली. लेझरचं मुंडकं, ज्यातून किरण निघतो ते, मी त्या सकाळीच सोडवून माझ्या कपाटात ठेवीन, किल्ली माझ्याकडे. आत्याचं नाव घेणार नाही. तिनं काय सांगितलं ते तर नाहीच.

दादा तिच्याकडे वळून विचारेल हे मला ठाऊक आहे. "आत्या, तुले येते का वं वास?" आणि ती काय म्हणेल तेही ठाऊक आहे. माझ्याकडे न पाहता म्हणेल, मले त काहीच नाई येत.

तरीही बोलायचं का? संध्याकाळपासून हेच चाललं आहे. तिला खोटं बोलायची वेळ मी आणते आहे, असंही होतं ते. पण न बोलता २ तारखेला वर्ध्याला गेले तर ॲडॉप्टरसारखं तो मुंडकंही दुसरं आणेल, तिच्या खाटेवर पुन्हा तीच हवा येईल, आणि ती कूलरला हात जोडून निजेल.

आत्ता आत्या येऊन विचारून गेली, "अखजीले पुरण करू का नुसता आमरस?" म्हटलं, दोन्ही कर. "एवढं कोण खाईन वं?" म्हणाली आणि हसली. हसताना खोकली नाही.

बोलायचं. बुधवार, ३० एप्रिल, पुरण वाढायच्या आधी.